ईईजी नॉर्मल आला, तरी फिट येते ती कशी?

ईईजी म्हणजे डोक्यावरून मेंदूची वीज टिपणारी तपासणी. तिच्या रिपोर्टच्या तळाशी बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘नॉर्मल ईईजी’. ती वाचून घरची मंडळी हुश्श करतात. चला, फिटचा आजार नाही म्हणजे. मग तीन आठवड्यांनी माणूस स्वारगेटच्या स्टँडवर पुन्हा आडवा होतो. जमलेल्यांपैकी कोणी कांदा हुंगवतं, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतं (दोन्हींचा काडीचा उपयोग नाही, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा), आणि घरच्यांना वाटतं, तपासणीच खोटी होती.

तपासणीत खोट नसते. त्या ओळीचा अर्थ एवढाच असतो की अमुक तारखेला, अर्ध्या तासात, डोक्याच्या कातडीवरून यंत्राला काही सापडलं नाही. ‘सापडलं नाही’ आणि ‘नाही’ यांतलं अंतर किती मोठं आहे, ते का पडतं आणि जाणकार ते कसं कमी करतात, हे एकदा नीट समजून घेतलं तर पुढची बरीच वणवण वाचते.

कातडीवरून काय ऐकू येतं

जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा मेंदूची वीज टिपली आणि १९२९ मध्ये ती छापून जगापुढे मांडली. तत्त्व तेव्हाचंच आजही आहे. मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेने बोलतात आणि त्या बोलण्याचा गलका आपण बाहेरून ऐकतो.

मधे कवटी आहे. ती विजेला आडवी येणारी भिंत. ईसीजीत हृदयाचा ठोका साधारण एक मिलिव्होल्टचा दिसतो. ईईजीतल्या लहरी मोजायच्या त्या मायक्रोव्होल्टमध्ये, दहा ते शंभरच्या घरात. एका पेशीची वीज बाहेर येण्याचा प्रश्नच नाही. मेंदूच्या पृष्ठभागाचा साधारण १० चौरस सेंटीमीटरचा तुकडा, म्हणजे दहा रुपयांची दोन नाणी शेजारी ठेवल्यावर व्यापतील तेवढी जागा, एकाच क्षणी पेटली तर बाहेर ठळक खूण उमटते. त्याहून लहान जागेतला भडका आतल्या आत विझतो आणि वर पान शांत राहतं.

शिवाय जागा जागेत फरक आहे. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या टेम्पोरल, म्हणजे कानशिलाकडच्या, भागाच्या तळाशी हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. मोठ्या माणसांच्या फिट्स कित्येकदा तिथूनच सुरू होतात, आणि नेमका तोच भाग कातडीपासून दूर, खोल दडलेला. कपाळामागच्या भागाची आतली बाजूही तशीच.

आता वेळेचा हिशेब. फिट चालू असताना ईईजी मिळणं हा नशिबाचा भाग. आपण शोधतो त्या दोन फिट्सच्या मधल्या काळात उडणाऱ्या ठिणग्या: स्पाइक २० ते ७० मिलिसेकंदांचा, शार्प वेव्ह ७० ते २०० मिलिसेकंदांची. जुन्या कागदी यंत्राचा वेग सेकंदाला ३० मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या तासाचा कागद ५४ मीटर लांब भरायचा आणि त्यावर ५० मिलिसेकंदांचा स्पाइक दीड मिलिमीटर रुंद. कोणाला या ठिणग्या मिनिटाला दहा उडतात, कोणाला दिवसातून चार. दिवसात असे अठ्ठेचाळीस अर्धे तास असतात आणि आपण त्यांतला एकच बघितलेला असतो.

म्हणूनच अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, पक्का असलेल्या माणसांतही पहिल्या साध्या ईईजीत खूण दिसते ती ढोबळमानाने निम्म्यांतच. तीन-चार वेळा काढला, त्यात झोपेचाही घेतला, तर हा आकडा ८० ते ९० टक्क्यांपर्यंत चढतो. उरलेल्यांचा कितीही वेळा काढा, नॉर्मलच येतो.

यावर एक छोटं गणित करून बघण्यासारखं आहे. समजा, फिटसारखं काहीतरी झालेली शंभर माणसं आली आणि त्यांतल्या पन्नास जणांना खरोखर अपस्मार आहे. ईईजीने पन्नासांतले पंचवीस पकडले. उरलेल्या पन्नास निरोगींपैकी दोघांचा चुकून बिघडलेला आला. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट मिळाला त्र्याहत्तर जणांना, आणि त्यांत अपस्मार असलेले पंचवीस. तपासणीआधी शक्यता निम्मी होती, नॉर्मल रिपोर्टनंतर एक तृतीयांश. कमी झाली, संपली नाही. निदान उभं राहतं ते प्रसंगाच्या वर्णनावर: आधी काय जाणवलं, डोळे उघडे होते की मिटलेले, मान कुठे वळली, जीभ कडेने चावली गेली का, किती वेळ चाललं, नंतर किती वेळ बधिर होता. शेजारच्याने मोबाइलवर काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ तज्ज्ञाला कधी कधी ईईजीपेक्षा जास्त सांगून जातो.

रिपोर्ट ‘नॉर्मल’ व्हायला सुरुवात आदल्या रात्रीच होते

दडलेली खूण वर आणायची तर मेंदूला थोडं डिवचावं लागतं. सगळ्यात भरवशाचा मार्ग झोप, आणि तीही अपुऱ्या झोपेनंतर लागलेली. पेंगुळलेपणा आणि त्यानंतरची हलकी झोप या वेळात ठिणग्या जास्त उडतात, कारण तेव्हा मेंदूच्या पेशी मोठ्या संख्येने एका तालात येतात. लहान मुलांत आढळणाऱ्या, अपस्माराच्या रोलँडिक नावाच्या प्रकारात तर काहींचे स्पाइक फक्त झोपेतच दिसतात. जागेपणीचा ईईजी स्वच्छ, डोळा लागला की पानंच्या पानं भरलेली.

म्हणून सांगतात, ‘रात्री जागून या’. मोठ्या माणसाने रात्रभर जागायचं, निदान पहाटे चारनंतर तरी झोपायचं नाही. मुलांना उशिरा झोपवून लवकर उठवायचं. चहा-कॉफीवर रात्र काढायची नाही, कारण मग टेबलावर झोप येत नाही. आणि इथेच घोळ होतो. भोरहून किंवा जुन्नरहून पहाटेची एसटी धरलेला माणूस खिडकीला डोकं टेकवून दीड तास गाढ झोपतो. हडपसरहून रिक्षात आईच्या मांडीवर मूल झोपतं. रात्रभर जागवलेल्या नातवाची आजीला दया येते, ‘लागू दे गं थोडा डोळा’ म्हणते. टेबलावर आल्यावर सगळे टक्क जागे. हवी ती झोप हडपसर ते डेक्कनच्या वाटेवर खर्च झालेली असते. सोबतच्याने वाटेत बोलत ठेवायचं, हे तपासणीचं कामच आहे. शक्य असेल तर आदल्या दिवशीच पुण्यात येऊन कोणा मावशी-आत्याकडे मुक्काम करावा. आणि एक गोष्ट पक्की: जागरणाने फिट येऊ शकते, तेव्हा त्या सकाळी दुचाकी चालवत यायचं नाही, मागे बसूनही नाही.

बाकीच्या सूचना साध्या, पण त्यांची कारणं कोणी सांगत नाही म्हणून मोडल्या जातात. आदल्या रात्री शाम्पूने केस धुवावेत आणि तेल अजिबात लावू नये. खोबरेल तेलाचा थर विजेला अडवतो, डोक्याला चिकटवायचा इलेक्ट्रोड (वीज टिपणारी छोटी चकती) सटकतो आणि त्या जागी लहरींऐवजी खरखर येते. पोटभर नाश्ता करून यावं. संकष्टी असो की एकादशी, त्या दिवशी उपवास नको. रक्तातली साखर उतरलेली असेल तर जोरात श्वास घ्यायला लावल्यावर मोठ्या संथ लहरी उगाच उसळतात आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. फिटच्या गोळ्या मनाने थांबवायच्या नाहीत. हो, गोळ्यांनी ईईजी बदलतो. सोडियम व्हॅल्प्रोएट काही प्रकारांत पान अगदी स्वच्छ करून टाकतं. दवाखान्यात फिट थांबवायला दिलेल्या लोराझेपामनंतर सगळीकडे बारीक जलद बीटा लहरी पसरतात आणि ठिणग्या दबतात. पण त्यावरचा उपाय, कोणतं औषध कधी घेतलं ते फॉर्मवर नीट लिहिणं. मुलाला झोपेचं औषध, म्हणजे ट्रायक्लोफॉस किंवा मेलाटोनिन, दिलं असेल तर तेही लिहायचं.

वेळेचंही महत्त्व आहे. पहिल्या फिटनंतर २४ तासांत काढलेल्या ईईजीत अपस्माराची खूण ५१ टक्के जणांत मिळाली, नंतर काढलेल्यांत ३४ टक्के जणांत, असं १९९८ सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं. पंधरा दिवसांनंतरची अपॉइंटमेंट ‘चालेल की’ म्हणून घेतो, तेव्हा नेमकी ही संधी हातची जाते.

टेबलावर

टेक्निशियन टेप घेऊन डोकं मोजतो, त्याला कंटाळू नका. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत अंतर ३६ सेंटीमीटर भरलं, तर पहिली खूण दहा टक्क्यांवर म्हणजे ३.६ सेंटीमीटरवर, पुढच्या वीस-वीस टक्क्यांवर म्हणजे ७.२ सेंटीमीटरवर. म्हणून या पद्धतीचं नाव ‘टेन-ट्वेंटी’. ती १९५८ पासून जगभर चालते. डोक्यावर १९ आणि कानांवर २, असे २१ इलेक्ट्रोड. टेप न लावता अंदाजाने लावले तर डावा-उजवा इलेक्ट्रोड सारख्या जागी बसत नाही, आणि मग नसलेला फरक दिसतो किंवा असलेला झाकला जातो. जेलने जागा घासून, पेस्ट भरून, प्रत्येक इलेक्ट्रोडचा अडथळा ५ किलोओमच्या खाली आणायचा. मुख्य म्हणजे सगळ्यांचा अडथळा सारखा हवा, नाहीतर भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण पानभर पसरते.

१९ इलेक्ट्रोडच्या टोपीत एक उणीव आहे. टेम्पोरल भागाचा तळ तिच्याखाली येतच नाही. कानाच्या पातळीला, गालाच्या हाडाजवळ प्रत्येक बाजूला तीन जादा इलेक्ट्रोड लावले की तिथली ठिणगी पकडायची शक्यता वाढते. २०१७ पासून आंतरराष्ट्रीय शिफारस अशा २५ इलेक्ट्रोडचीच आहे. पण जादा इलेक्ट्रोड म्हणजे जादा दहा मिनिटं, आणि बाहेर रांग लागलेली असते. व्यवहारात ते गळतात ते असे.

मग तीन मिनिटं जोरजोरात श्वास. लहान मुलांच्या हातात कागदी भिरभिरं देतात आणि फुंकत राहा म्हणतात. ज्या फिट्समध्ये मूल पाच-दहा सेकंद नुसतं शून्यात बघतं (शाळेत ‘लक्ष नसतं’ अशी तक्रार होते), त्या प्रकारात औषध सुरू नसलेल्या बहुतेक मुलांत ही फुंकर फिट आणून दाखवते. भिरभिरं थांबतं, डोळे स्थिर होतात, पडद्यावर सेकंदाला तीन या तालात मोठ्या स्पाइक-वेव्हच्या कमानी उभ्या राहतात, आणि दहाव्या सेकंदाला मूल काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा फुंकू लागतं. तीन मिनिटांत नाही दिसलं आणि संशय दाट असेल तर पाच मिनिटं. नुकताच पक्षाघात झालेल्यांना, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असलेल्यांना, सिकलसेल असलेल्यांना हे करायला लावत नाहीत. त्यानंतर लखलखता दिवा, सेकंदाला १ पासून पुढे चढत्या वेगाने. १५ ते २० च्या दरम्यान संवेदनशील मेंदू जास्तीत जास्त भडकतो.

एक चूक वारंवार होते: झोप मिळाली की रेकॉर्डिंग बंद. तरुणांमध्ये एक प्रकार असा असतो की सकाळी उठल्या उठल्या हातांना झटके बसतात, चहाचा कप हातातून उडतो, दातांचा ब्रश पडतो. घरी त्याला वेंधळेपणा म्हणतात. या प्रकाराच्या ठिणग्या जागं झाल्यानंतरच्या काही मिनिटांत उसळतात. माणूस उठल्यावर यंत्र आणखी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवलं तरच त्या सापडतात.

एक पान जवळून

अर्ध्या तासाची दहा-दहा सेकंदांची १८० पानं होतात. समजा, चौऱ्याऐंशीव्या पानावर माणूस पेंगतोय. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात येणारा ८ ते १३ हर्ट्झचा अल्फा ताल विरायला लागलाय. प्रत्येक ओळ शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमधला फरक दाखवते. डाव्या बाजूच्या ओळी वरून खाली अशा: कपाळ ते कानशील, कानशील ते कानाच्या वर, कानाच्या वर ते कानामागे, कानामागे ते डोक्यामागे. दुसऱ्या ओळीत एक बारीक टोक खाली जातं आणि त्याच क्षणी तिसऱ्या ओळीत एक टोक वर. दोन टोकं एकमेकांकडे बोट दाखवतात. दोन्ही ओळींत सामाईक इलेक्ट्रोड कोणता? कानाच्या वरचा. भडक्याचा कळस तिथे. याला फेज रिव्हर्सल म्हणतात, आणि एवढ्यावर उडी मारायची नसते.

इलेक्ट्रोड सैल झाल्यावरही नेमकं असंच टोक येतं. म्हणून पहिला प्रश्न: शेजाऱ्यांना काही कळलं का? मेंदूतून आलेला भडका शेजारच्या इलेक्ट्रोडवर कमी, त्याच्या पुढच्यावर आणखी कमी असा उतरत जातो. एकट्या इलेक्ट्रोडवर उसळून शेजारी ढिम्म असेल तर पेस्ट तपासा. दुसरा प्रश्न: टोकाच्या मागून संथ लहर आली का? पेशी एकदम पेटल्यावर त्यांना आवरणारी यंत्रणा धावते, ती लहर त्याची. तिसरा: चढ आणि उतार वेगळे आहेत का? खरा स्पाइक एका अंगाने उभा चढतो आणि दुसऱ्या अंगाने सावकाश उतरतो. दोन्ही अंगं सारखी असतील तर संशय धरावा. मागचा ताल क्षणभर मोडला का, टोकाची रुंदी आजूबाजूच्या लहरींहून वेगळी आहे का, आकार दोन-तीन कलाटण्यांचा आणि टोकदार आहे का. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत हे सहा निकष आहेत आणि सहांपैकी चार तरी जुळावेत असं मानतात.

ईईजी डिजिटल असल्याचा फायदा इथे होतो. तेच पान दुसऱ्या जोडण्यांत, म्हणजे दुसऱ्या मॉन्टाजमध्ये बघता येतं. प्रत्येक इलेक्ट्रोड कानाशी तोलून बघताना एक गंमत होते. टेम्पोरल ठिणगी कानाच्या इतकी जवळ असते की कानाचा इलेक्ट्रोडच तिने रंगून जातो. मग डाव्या बाजूच्या बाकी सगळ्या ओळी एकदम खाली झुकतात, आणि नवखा वाचक म्हणतो, अख्खी डावी बाजू बिघडलीये. वजन काट्याचंच चुकलेलं असतं. जोडणी बदलली की उलगडा होतो.

फिल्टरही असेच फसवतात. जबडा आवळल्यामुळे येणारा स्नायूंचा खरखराट झाकायला वरचा फिल्टर ७० वरून १५ हर्ट्झवर आणला, तर खरखर गुळगुळीत होऊन स्पाइकसारखी दिसते आणि खरा स्पाइक बोथट होऊन लपतो. पान देखणं होतं, रिपोर्ट चुकतो.

टोक मुळीच नसेल तरी अनुभवी नजर थांबत नाही, आणि ‘नॉर्मल’ शिक्का बसलेल्या ईईजीतल्या खऱ्या खुणा इथेच असतात. पडद्यावर १० ऐवजी २० किंवा ३० सेकंद आवळून घेतले की एका बाजूच्या टेम्पोरल भागात अधूनमधून येणारा संथ, तालबद्ध डेल्टा डोळ्यात भरतो. त्याचं नाव टिर्डा. त्याचं टेम्पोरल अपस्माराशी नातं इतकं घट्ट आहे की त्याला जवळजवळ स्पाइकचा मान देतात. दहा सेकंदांच्या पानावर तो ‘थोडं पेंगुळलेपण’ म्हणून निसटतो. डोळे उघडल्यावर अल्फा दोन्हीकडे दबायला हवा. एकाच बाजूला दबला तर न दबणाऱ्या बाजूकडे बघायचं. झोपेतल्या १२-१४ हर्ट्झच्या चात्या, स्लीप स्पिंडल, एका बाजूला सारख्याच कमी येताहेत का हेही बघायचं. यातल्या एकेकीवरून निदान होत नाही. पण ‘डावीकडे अधूनमधून संथ लहरी’ एवढं रिपोर्टात आलं तर एमआरआय वाचणारा डाव्या हिप्पोकॅम्पसवर दोन मिनिटं जास्त थांबतो.

टोकदार ते सगळं फिटचं नव्हे

उलट बाजूची चूक जास्त महाग पडते, असं आमचं स्पष्ट मत आहे. चुकलेला स्पाइक पुढच्या ईईजीत सापडू शकतो. नसलेला स्पाइक एकदा रिपोर्टात लिहिला गेला की पुसता पुसला जात नाही.

निरोगी मेंदूही टोकदार आकृत्या काढतो. तिशीनंतरच्या माणसांत पेंगताना टेम्पोरल भागात ६ ते ११ हर्ट्झच्या कमानींची माळ येते. तिचं नाव विकेट, कारण ती तशीच दिसते. माळेतली एकच कमान सुटी आली की स्पाइक म्हणून खपते. पण तिच्यामागे संथ लहर नसते आणि ताल मोडत नाही. हलक्या झोपेत ५० मायक्रोव्होल्टच्या आतले, ५० मिलिसेकंदांहून लहान टोकांचे ठिपके येतात, तेही निरुपद्रवी. झोपेला लागणाऱ्या लहान मुलात दोन्ही बाजूंनी मोठाल्या संथ लहरींचा लोंढा येतो. त्यात एखादा टोकदार कोपरा अडकला की ‘जनरलाइज्ड डिस्चार्ज’ (म्हणजे दोन्ही बाजूंना एकदम उठलेला भडका) लिहायचा मोह होतो. या सगळ्यांचं पेंगण्याशी नातं आहे हे लक्षात घ्या. ज्या वेळेत खरी खूण दिसते, त्याच वेळेत खोटीही दिसते.

पुन्हा गणित. नुसती चक्कर आलेल्या हजार माणसांचा ईईजी काढला आणि त्यांत अपस्मार फक्त दहांना आहे असं धरू. त्यांतले पाच सापडले. उरलेल्या ९९० मध्ये शंभरात एक या हिशेबाने दहा जणांचा चुकून बिघडलेला आला. म्हणजे बिघडलेले पंधरा, आणि त्यांतले दहा निरोगी. उन्हात उभं राहून भोवळ आलेल्या मुलीच्या हातात आता वर्षानुवर्षांच्या गोळ्या आहेत. लायसन्सच्या अर्जातल्या आरोग्याच्या जाहीरनाम्यात अपस्माराचा प्रश्न सरळ विचारलेला असतो, तिथे काय लिहायचं हा घोर. लग्नाच्या बोलणीत हा विषय निघतो तो वेगळाच. कायद्यात १९९९ पासून अपस्मार हे हिंदू विवाह मोडायचं कारण राहिलेलं नाही, पण बैठकीतल्या मावशींना कलमं ठाऊक नसतात.

मनाच्या ताणातून येणारे, फिटसारखे दिसणारे झटके हा आणखी एक मोठा गट. ते खरे असतात, सोंग नसतं, पण त्यांवर फिटच्या गोळ्या चालत नाहीत. तिथे निकाल लावतो तो व्हिडिओ ईईजी: कॅमेरा आणि लहरी एकत्र, गरज पडली तर चार-पाच दिवस, प्रत्यक्ष झटका येईपर्यंत.

डोळ्याला न दिसणारं गणित

संगणकाची मदत दोन अगदी वेगळ्या तऱ्हांची आहे आणि बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. एक तऱ्हा तज्ज्ञाला जे दिसतं तेच शोधते, फक्त न थकता. २०२३ मध्ये जाहीर झालेलं स्कोअर-एआय असं आहे. तज्ज्ञांनी आधी वाचलेल्या ३०,४९३ ईईजींवर ते शिकवलं गेलं.

दुसरी तऱ्हा आपल्या विषयाच्या गाभ्याची. एकही स्पाइक नसलेलं पान घ्यायचं आणि इलेक्ट्रोड-इलेक्ट्रोडमधलं नातं मोजायचं. अल्फाचा वेग वयाच्या मानाने किंचित उतरलाय का, थीटाचा, म्हणजे अल्फाहून संथ लहरींचा, जोर वाढलाय का, कोणता भाग कोणाच्या तालावर चालतोय. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात श्रीदेवी सर्मा यांच्या गटाने २०२५ मध्ये मांडलेलं एपिस्काल्प या वाटेचं आहे. ते पाच केंद्रांतल्या १९८ जणांच्या, साध्या नजरेला नॉर्मल ठरलेल्या ईईजींवर तपासलं गेलं. त्यामागचा विचार असा: फिट उठवणारा भाग एरवी गप्प असतो, कारण शेजारचे भाग त्याला सतत दाबून धरतात. ही दाबादाबी गणितात दिसते. काही भाग इतरांवर जोर टाकणारे, काही नुसता जोर सोसणारे. लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीत एखाद्या चौकात दोरखंड जास्त, पोलीस जास्त असले तर गडबड झालेली नसली तरी तिची शक्यता कुठे आहे हे ओळखता येतं, तसं. गुन्हा दिसत नाही, बंदोबस्त दिसतो.

कल्पना सुंदर आहे. पण गोळ्या पार्श्वभूमीचा ताल बदलतात, तेव्हा यंत्र आजार ओळखतंय की औषध, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं. अपुरी झोप, वय, टेपशिवाय लावलेले इलेक्ट्रोड, यांनीही तेच आकडे हलतात. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या यंत्रावरच्या नोंदींवर शिकलेलं गणित इथे चालतं का, हे इथल्या नोंदींवर तपासल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे तर फिटचं एक मोठं कारण मेंदूत बसलेली फीतकृमीची गाठ. आणि यातून मिळते ती शक्यता. वर केलेलं शंभर माणसांचं गणित तिलाही लागू आहे.

तूर्त तुमच्या हातात असलेली गोष्ट साधी आहे. रिपोर्टसोबत जी पाच-सहा छापील पानं मिळतात, त्यांत १८० पैकी कोणीतरी निवडलेली तेवढीच पानं असतात. त्यांवर ना जोडणी बदलता येते ना फिल्टर, चौऱ्याऐंशीवं पान त्यात नसलं तर संपलं. मूळ डिजिटल नोंद, शक्यतो ईडीएफ या सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात आणि व्हिडिओसकट, पेनड्राइव्हवर मागून घ्या. त्याच दिवशी मागा, कारण जागा भरली की जुन्या फाइली पुसल्या जातात. पेनड्राइव्हला कागदाची पट्टी चिकटवून तारीख, शेवटची फिट कधी आली, आदल्या रात्री किती तास झोप झाली आणि सकाळी कोणत्या गोळ्या घेतल्या एवढं लिहून ठेवा.